नानाच्या ओट्यावरची रांग

उज्जैनीत माझ्याइतकं लोकांना कुणी हसवलेलं नाही. खरं सांगायचं तर निम्मे लोक माझ्या इंग्रजीलाच हसायचे. सातवीतच शाळेनं माझा नाद सोडला होता ना!

देवास गेटच्या एका चहाच्या दुकानापुढे आमची टोळी जमायची. सगळ्यात शेवटी उठायचो तो मी. घरी जायची मला कधी घाई नसायची. असल्या टोळीतले किस्से रिकाम्या डब्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि हात लागला की खडखडतात.

आज काढतोय ते सगळे डबे नानाचे. नाना आमच्या कचेरीचा बडा बाबू, आणि मी तिथलाच दफ्तरी, म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधणारा. नानाच्या घरात पणजोबांपासून दरबारची चाकरी. संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, तेव्हा नाना नव्या पाटीकडे बघून नुसतं "बरं" म्हणाला. मग मध्यभारतही मोडलं, राजधानी भोपाळला गेली, मागोमाग कचेरीही तिकडे निघाली, आणि नानाचं बोलणंच बंद झालं. जेवेना, झोपेना. संध्याकाळी एकटाच राम घाटावर पाण्याकडे बघत बसायचा.

वहिनींनी मला दारातच गाठलं. "भावजी, ह्यांना एकटं सोडू नका. मला त्या पाण्याची भीती वाटते."

दात दुखला तर कुठं जायचं ते गावात शेंबडं पोरही सांगेल. मन दुखलं तर कुठं न्यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सल्ला मात्र घरोघरी तयार!

*

आधी वैद्यजी. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पेट में गर्मी है."

मी म्हटलं, वैद्यजी, याला भोपाळचं दुःख आहे. तेव्हा त्यांनी मला शांतपणे समजावलं, की भोपाळची गर्मीसुद्धा शेवटी पोटातच उतरते. काढा दिला. तो इतका कडू निघाला की नाना कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा बोलला. काय बोलला ते इथं लिहिता येत नाही.

*

माधव नगरातले डॉक्टर मात्र शिकलेले. त्यांनी छातीला नळी लावली, जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं ठणठणीत.

"मेंदू थकलाय," ते म्हणाले, "हवापालट करा. एखादं तलावाचं गाव बघा. भोपाळ कसं वाटतं?"

नानाला घरी आणायला टांगा करावा लागला.

*

मग मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. साहेब नवे, दुसऱ्या संस्थानातून विलीन होऊन आमच्यावर आलेले. म्हटलं, याला इथंच कुठल्या तरी खुर्चीत राहू द्या, नाहीतर माणूस हातचा जाईल. साहेब मनापासून हळहळले.

"दुख है तो दरख्वास्त दीजिए," म्हणाले, "बड़े बाबू के मार्फत."

बडे बाबू म्हणजे नानाच की!

मी एकाकडून अर्ज लिहून घेतला आणि नानापुढे ठेवला. माणूस खचला तरी हात बाबूचाच. त्यानं शेरा मारला: 'दुःखाचे कारण नमूद नाही. परत.'

*

राम घाटावरच्या गुरुजींनी नानाला ग्रहांची शांत करायला बसवलं. मंत्र म्हणता म्हणता मध्येच नानाला विचारलं, रेल्वेत कुणी ओळखीचं आहे का? त्यांच्या मुलाला पूजा सांगायची नव्हती, गार्ड व्हायचं होतं. मंत्र राहिले बाजूला. गुरुजी डोळे पुसत बोलत राहिले, नाना मान हलवत राहिला.

उठताना गुरुजी म्हणाले, "आज फार हलकं वाटलं."

दक्षिणा तरीही आम्हीच दिली.

*

शेवटी टोळीनं ठरवलं, रोज संध्याकाळी एकेकानं नानाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. पहिले गेले मास्तर, नानाला धीर द्यायला. परत आले ते नाक लाल करून. आयुष्यभर पोरांना गप्प बसवणारे मास्तर आपल्या सुनेपुढे कसे गप्प बसतात, ते सगळं सांगून आले होते.

दुसरा सप्रे, रेल्वेतला पार्सलबाबू. तो नानाला जेवतं करायला पोहे-जिलबी घेऊन गेला. बायको गेल्यापासून घास गिळत नाही म्हणून रडला, आणि रडता रडता सगळी जिलबी स्वतःच संपवली.

मग लोक नंबर नसतानाही जायला लागले. गुरुजी घाट सोडून ओट्यावर! दिवेलागणीआधीच ओटा भरायचा. नानाला घाटावर जायला सवडच मिळेना.

वहिनी चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना सांभाळायला सांगितलं होतं मी. तुम्ही तर सगळं गावच ह्यांच्याकडे सांभाळायला टाकलंत."

*

एवढ्या सगळ्यात मीच तेवढा राहिलो होतो. म्हटलं, आता खरा इलाज करतो. नानाला मुद्दाम राम घाटावर नेलं आणि पायरीवर उभं राहून नकला सुरू केल्या. वैद्यजी केले, डॉक्टर केले, साहेब तर चालण्यासकट केले. यात्रेकरू हसून हसून लोळले. नाना हसला नाही.

माझी पोतडी रिकामी झाली. शेजारी बसलो. समोर तेच पाणी. आयुष्यात कुणाला सरळ प्रश्न विचारला नव्हता, तो विचारला.

"नाना, खरं सांग. जीव द्यावासा वाटतो का रे?"

नाना पाण्याकडे बघत होता, तो माझ्याकडे वळला.

"वाटत होतं. पण तुम्ही ओट्यावर रांग लावलीत. म्हटलं, एवढी संपू दे, मग बघू. ती मेली संपतच नाही. आणि तू रे? सगळे येऊन गेले, तू त्या रांगेत कधी दिसला नाहीस. नकला पुरे झाल्या. तुझं काय आहे, ते बोल."