थोरलीच्या घरी

आम्ही जुळ्या. ती माझ्या थोडी आधी जन्मली, एवढ्यावर ती थोरली ठरली. बारावीनंतर चाकणजवळच्या एका गावातलं स्थळ आलं, तेव्हा भावकीत एकच वाक्य फिरलं : थोरलीचं आधी. तिचं लग्न झालं. माझ्या मागे लग्नाची कुणी नव्हती, म्हणून मला कुणी घाई केली नाही. मी शिकले, हिंजवडीत नोकरीला लागले.

गेल्या उन्हाळ्यात चाकणला कामाने गेले होते. दुपारीच मोकळी झाले, तशी न कळवता तिच्याकडे निघाले. वाटेत गिरणीवाल्याने हाक मारून दळणाचा डबा माझ्या हातात दिला.

"आज कंपनीतून लवकर सुटलात वहिनी?"

मी हसले. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

ओट्यावर तिची सासू बसली होती. मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही.

"आलीस व्हय? च्या टाक गं."

"व्हय आत्या, टाकते."

हे 'व्हय' कॉलेजात गेल्यापासून माझ्या तोंडी नव्हतं. आत गेले. हात आपोआप वरच्या फळीकडे गेला. साखर तिथेच होती. भिंतीवरच्या आरशाला तिच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. डोकावले, तर त्यातली एक नेमकी माझ्या कपाळावर आली.

चहाला उकळी आली आणि दारात ती उभी राहिली. अंगात कंपनीचा निळा कोट. चेहरा माझाच, गालफडं बसलेली. ती हसली नाही.

"कोण आलंय गं?" सासूने बाहेरून विचारलं.

"कुनी न्हाई, आत्या," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. "ताई, अगं मी..."

"वळखलं की." तिने गॅस बारीक केला. "मला वाटलं, आज मी कामाला गेलेच न्हाई."

चहा पिताना तिने माझ्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र काढून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. फोटो तिचाच वाटत होता.

"तुज्या हापिसात कुनाला कळंल का गं?"

मी हसण्यावारी नेलं. तिने पुष्कळ वेळाने ते परत दिलं.

आता मी फोन केल्याशिवाय जात नाही. ती मात्र अजून एकदाही माझ्याकडे आलेली नाही. बोलावलं की म्हणते, "येईन की. पन हितं परत कोन येईल?"