जगताप बाईंबरोबर डॅन्यूबच्या काठानं: इंगोलश्टाट ते बुडापेस्ट

जर्मनीत शिकायला आल्यापासून माझ्या प्रवासांची एक पद्धत ठरून गेली होती. सगळ्यात स्वस्त बस, हॉस्टेलमधली आठ जणींची खोली आणि एका शहराला दीड दिवस. प्राग, पॅरिस, ॲमस्टरडॅम, बार्सिलोना मी याच पद्धतीनं उरकली. कुणी विचारलं तर मी "छान होतं" म्हणायचे. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला आठवतही नव्हतं.

मी मूळची नाशिकची, डार्मश्टाटला इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करते. उन्हाळी सेमिस्टरचा शेवटचा पेपर दिला आणि दुसऱ्याच दिवशी अमोलदादाचा फोन आला. तो माझ्या ताईचा कॉलेजातला मित्र. इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, बायको काटरीन जर्मन, मुलगी मीरा आठ वर्षांची. या देशात उतरले तेव्हा पहिला आठवडा मी त्यांच्याच घरी काढला होता.

"आई आलीये तीन महिने," तो म्हणाला. "तिला डॅन्यूबच्या काठानं बुडापेस्टपर्यंत जायचंय. विमान नको, मोटार नको, रेल्वेच हवी म्हणते. मला रजा नाही. आल्झो, तर मग तू जाशील का तिच्याबरोबर? खर्चाचं माझ्याकडे."

मी लगेच हो म्हटलं. यात माणुसकीपेक्षा फुकट प्रवासाचा भाग मोठा होता, हे इथे कबूल करते.

इंगोलश्टाट

अमोलदादाची आई ठेंगणी, सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. मी "काकू" म्हणताच त्यांनी थांबवलं.

"काकू नको, बाई म्हण. कराडला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय. दुसऱ्या कुठल्या हाकेला मी वळत नाही."

फळ्यावर युरोपचा नकाशा काढताना डॅन्यूबचा खडू कुठे वळवायचा हे त्यांच्या हाताला पाठ होतं. नदी बघितली मात्र नव्हती. इंगोलश्टाट त्याच नदीवर आहे, तेव्हा सुरुवात घरापासूनच झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अमोलदादानं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. गेल्या हिवाळ्यात बाई कराडच्या घरात बाथरूममध्ये पडल्या होत्या. दोन तास तशाच पडून होत्या. दूधवाल्या मावशींनी दार वाजवलं म्हणून कळलं. त्यानंतर त्यानं पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या एका वसाहतीत जागा बघून ठेवली होती. नर्स, जेवण, सगळं तिथेच. फॉर्म भरून तयार होता. आईची सही तेवढी व्हायची होती आणि आई दीड महिना "बघू" म्हणत होती.

"तुझ्याशी बोलली तर जरा समजाव तिला," तो म्हणाला. "मी इथून रोज रात्री फोन लावतो आणि तिनं उचलेपर्यंत माझं काय होतं ते मलाच माहीत."

मी मान डोलावली. त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पासाउ

इंगोलश्टाटहून रेगेन्सबुर्ग आणि तिथे गाडी बदलून पासाउ. साध्या गाड्यांनी साडेतीन-चार तास लागतात. बायर्न टिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं तिकीट घ्या, दोघांत परवडतं. फक्त आठवड्याच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं.

पासाउला तीन नद्या मिळतात. गाव संपतं तिथे जमिनीचं एक टोक पाण्यात शिरलंय, तिथवर चालत जाता येतं. एका बाजूनं इन येते, दुधाळ हिरवी. दुसऱ्या बाजूनं डॅन्यूब आणि पलीकडून इल्स नावाची काळसर छोटी नदी. पाणी एकमेकांत मिसळायला वेळ घेतं, तोवर रंगांचे पट्टे वेगळे दिसतात. मी फोटो काढले. पाच मिनिटांत माझं बघून झालं. बाई बाकावर बसल्या त्या तासभर.

"आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येतात," त्या म्हणाल्या. "थेट धडक. इथे बघ, कशा शेजारशेजारनं चालल्यात. आणि पाणी जास्त या इनचं बरं का. नाव मात्र पुढे डॅन्यूबचंच."

"मग हा अन्याय झाला," मी म्हटलं.

"नदीला कुठे नाव लागतं? ते आपल्याला लागतं."

तासाभरात मी फोनवर तीन वेळा बघितलं. गावातल्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, तिथेही बाईंनी प्रत्येक खूण वाचली. जेवायला आमच्याकडे काटरीननं करून दिलेल्या दशम्या होत्या. हो, काटरीननं. बाईंनी तिला शिकवल्या होत्या आणि त्या बऱ्या झाल्या होत्या.

व्हिएन्ना

पासाउहून व्हिएन्ना थेट गाडीनं पावणेतीन तास. तिकीट आधी काढलंत तर निम्म्यात येतं. आमची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. जर्मनीतून निघणाऱ्या कुठल्याही प्रवासात हा वेळ धरूनच चाला.

व्हिएन्नात बाई पहिल्यांदा नाराज झाल्या. राजवाडे बघितले, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून झालं, पण नदी कुठेच दिसेना. जुन्या शहरातून वाहतो तो नुसता कालवा. मुख्य नदी बाजूला आहे.

"एवढं नाव नदीचं आणि नदीला गावाबाहेर बसवलंय!"

मग आम्ही यू-वन मेट्रोनं नदीतल्या लांबलचक बेटावर गेलो. पर्यटक तिथे फारसे येत नाहीत, तुम्ही जरूर जा. व्हिएन्नाचे लोक ऑफिस सुटल्यावर तिथे पोहायला येतात. बाईंनी बूट काढले आणि साडी जरा वर खोचून पाण्यात पाय सोडून बसल्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई पोहून आली, अंग पुसत त्यांच्याकडे बघून हसली आणि पाणी गार आहे अशी खूण केली. बाईंनी मराठीत "हो ना" म्हटलं.

खाण्याचं सांगते. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल, तर कायझरश्मार्न घ्या. गोड, जाडसर घावन मोडून तुकडे करावेत तसं दिसतं, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखारचा मुरंबा. एका ताटलीत दोघींचं भागलं.

तिथे खाता खाता मी पुण्याचा विषय काढला. वसाहत चांगली वाटते, अमोलदादा काळजी करतो, वगैरे. बाईंनी मला पुरतं बोलू दिलं.

"त्यानं सांगितलं का तुला बोलायला?"

"हो."

"बरं झालं, खरं बोललीस." त्यांनी काट्यानं एक तुकडा उचलला. "मला तिथे जायचं नाही. पण पडल्यापासून मला माझ्याच घराची भीती वाटते, हे त्याला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो उद्याच सही घेईल. म्हणून 'बघू' म्हणते."

आम्ही पाणी मागवलं.

ब्रातिस्लाव्हा

व्हिएन्नाहून तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या देशाची राजधानी. लोक अर्ध्या दिवसात बघतात, आम्हीही तेवढीच बघितली. किल्ल्यावरून नदी छान दिसते, चढ मात्र बाईंच्या वयाला जड आहे. आम्ही थांबत थांबत गेलो.

घोळ झाला तो दुपारी, स्टेशनवर. बुडापेस्टची गाडी आली. मी बाईंना जागेवर बसवलं, त्यांची बॅग वर ठेवली. गाडी पंधरा मिनिटं थांबणार असं मी फलकावर वाचलं होतं. ते शेजारच्या फलाटाचं होतं, हे नंतर समजलं. बाटल्या भरून आणते म्हणून मी माझी सॅक पाठीला लावूनच खाली उतरले. नळ सापडेपर्यंत तीन मिनिटं गेली असतील. वळले तर दारं बंद होत होती. मी धावले, बटण दाबत राहिले. गाडी गेली.

बाईंकडे तिकीट नव्हतं, दोघींचं माझ्या फोनमध्ये होतं. बाईंचा फोन चार्जिंगला लावलेला, माझ्या सॅकमध्ये. पासपोर्ट तेवढा त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता. इंग्रजी त्यांना वाचता येतं, बोलायचं म्हटलं की अडतात. परक्या देशात, परक्या गाडीत, एकट्या. आणि हे सगळं माझ्यामुळे.

चौकशीच्या खिडकीत एक मध्यमवयीन बाई होती. अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या इंग्रजीत तिला सांगितलं. साडी कशी असते हे हातांनी दाखवलं. तिनं फोन उचलला, कुणाकुणाला लावला, आणि दहा मिनिटांनी तिला त्या गाडीतला कंडक्टर मिळाला. पुढच्या स्टेशनवर त्यांना उतरवून घ्या, मी येते, असं मी म्हटलं. तिनं तिकिटाचंही फोनवर सांगितलं, पलीकडचं ऐकलं, आणि माझ्याकडे जरा गमतीनं बघितलं.

"तुमची आजी उतरणार नाही म्हणते. त्यांनी नकाशा काढून बुडापेस्टवर बोट ठेवलंय. तुम्ही मागून या."

पुढची गाडी दोन तासांनी होती. मी फलाटावर बसले. तेवढ्यात सॅकमधला बाईंचा फोन वाजला. 'अमोल'. मी तो वाजू दिला असता तरी चाललं असतं. पण मी उचलला.

"बाई टॉयलेटला गेल्यात," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

"गेनाऊ, बरोबर, मग नंतर करतो," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या गाडीत मला खिडकी मिळाली होती. बाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

बुडापेस्ट

स्टेशनवर बाई पहिल्याच बाकावर बसलेल्या होत्या. बॅग पायाशी, हातात कागदी कपात चहा. कंडक्टरनंच आणून दिला म्हणे. मला बघताच त्या उठल्या. मी रडायला लागले होते.

"अगं, मी पोचले ना," त्या म्हणाल्या. "तूच उशिरा आलीस."

पुढचे दोन दिवस आम्ही बुडापेस्टमध्ये रीतसर सगळं केलं. नदीकाठानं जाणाऱ्या दोन नंबरच्या ट्रॅममध्ये तीनदा बसलो, साध्या तिकिटात इतकं दुसरं काही मिळत नाही. लांगोश खाल्लं, म्हणजे तळलेली फुगीर रोटी, वर लसूण आणि चीज. गरम पाण्याच्या कुंडात बाई उतरल्या नाहीत, मी उतरले. पैसे इथे फोरिंटमध्ये चालतात. स्टेशनवर बदलू नका, भाव वाईट मिळतो.

गाडीतलं मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी पुलावर उभ्या असताना सांगितलं.

"पहिला अर्धा तास फार वाईट गेला. छाती धडधडत होती. बाथरूममध्ये पडले होते तेव्हा होत होतं तसंच. मग तो कंडक्टर आला. त्याच्या हातात फोन, तो काहीतरी विचारतोय, आणि माझ्या लक्षात आलं की मला उतरवायचं चाललंय. मी पिशवीतला नकाशा काढला. पुढे पूर्वेला वाहणारी नदी एकदम दक्षिणेला वळते, ते वळण मी किती वेळा काढलंय! म्हटलं, आता उतरले तर ते राहील. आणि दिसलं बरं का. डोंगर जवळ येतात, गाडी अगदी काठानं जाते, आणि उजवीकडच्या खिडकीत नदी वळते. मी काढायचे त्यापेक्षा जास्त मोठं वळण आहे. फळ्यावर मी फार पटकन वळवत होते."

"आणि भीती?"

"होती की. जात नाही ती. पण बसली माझ्या शेजारी. मी बाहेर बघत होते."

मग मी अमोलदादाशी खोटं बोलल्याचं सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, त्यांनी माफही केलं नाही. "घरी गेल्यावर सांगू," एवढंच म्हणाल्या.

परत

बुडापेस्टहून म्युनिकला थेट गाडी आहे, सात तासांच्या आसपास. जर्मनीच्या सीमेवर पोलीस चढतात, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट हाताशी ठेवा. म्युनिकहून इंगोलश्टाट तासाभराच्या आत.

जेवायच्या टेबलावर बाईंनी सगळं सांगितलं, क्रमानं, शाळेत धडा सांगावा तसं. काटरीनला मधूनमधून कळत नव्हतं, मीरा तिला जर्मनमध्ये सांगत होती. अमोलदादानं घास खाली ठेवला. तो आधी माझ्याकडे वळला.

"तू मला म्हणालीस टॉयलेटला गेलीये."

"हो. खोटं बोलले. घाबरले होते."

"मला कळायला नको होतं? तिला काही झालं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "तिची चूक आहेच. पण मी उतरले नाही, ते माझं मी ठरवलं. आणि आणखी एक ठरवलंय. पुण्याला मी जाणार नाही. मला कराडच्या घरात भीती वाटते, अमोल. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेईन, कृषी महाविद्यालयाच्या दोन मुली घरात ठेवीन. पण राहीन तिथेच."

"आई, अगं पण…"

"तू फोन करतोस तो करत जा. मी उचलेन."

मीरानं विचारलं, "आजी, फॅर्स्ट डू वेक?" म्हणजे आजी, तू जाणार का? आजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. अमोलदादा उठून बाल्कनीत गेला. काटरीन त्याच्यामागे गेली. सकाळी त्यानं मला स्टेशनवर सोडलं.

डार्मश्टाटला परत येऊन आता चार महिने झाले. मध्यंतरी मी लिस्बनला जाऊन आले, जुन्याच पद्धतीनं. फरक एवढाच की तिथे नदी समुद्राला मिळते त्या जागी मी दोन तास बसले, कारण कुणी उठवायला नव्हतं. त्यानं मी बदलले वगैरे म्हणणार नाही. पण या वेळी कुणी विचारलं तर सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे, आणि जे आहे त्यात माझी एक चूकही आहे.

बाई ऑक्टोबरात कराडला गेल्या. अमोलदादाचा मला फोन नव्हता, दिवाळीचा मेसेजही आला नाही. तो रागावलाय हे मी धरून चालले होते, आणि त्याचं रागावणं योग्य होतं.

परवा त्याचा मेसेज आला. आई बरी आहे. मेमध्ये पुन्हा येते आहे. त्यानं दहा दिवसांची रजा टाकली आहे आणि ब्रातिस्लाव्हा ते बुडापेस्ट तिकिटं काढायला बसलाय. खाली एकच प्रश्न होता: नदी दिसते ती खिडकी कुठल्या बाजूची?

उजवीकडची, असं मी कळवलं.