कबरींकडे जाणारी वाट

माझी थोरली जाऊ ऑर्फा सायझमोर हिला बूड टेकून जेवताना मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. ताटली हातात, पाठ चुलीकडे, नजर खिडकीबाहेर. चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकले तरी तिचे अंगठे एकमेकांभोवती फिरत असायचे.

"अगं, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विश्रांती घेतली," मी एकदा म्हटलं.

"त्याच्या घरात बर्ल नव्हता," ती म्हणाली.

बर्ल म्हणजे तिचा नवरा, माझे मोठे दीर. एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली. छातीत इतकी धूळ बसली की खाटेपासून ओसरीपर्यंत येताना दोनदा थांबावं लागायचं. श्वास अडकला की शहरातलं हॉस्पिटल गाठायचं, आणि ओढ्याकाठच्या रस्त्याने त्याला पावणेदोन तास. वसंतात ओढा रस्त्यावर चढला की तेही नाही.

म्हणून आमच्या डोंगरात महामार्गाचे सुरुंग उडायला लागले, फळीवरच्या घेवड्याच्या बरण्या किणकिणायला लागल्या, तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. चौपदरी रस्ता, आमच्या खोऱ्याच्या अगदी डोक्यावरून! पस्तीस मिनिटांत हॉस्पिटल! मग कळलं, त्यावर चढायची जागा अकरा मैल मागे, आणि तिथवर जायचं त्याच ओढ्याकाठच्या रस्त्याने.

"देवदूतांसाठी बांधतायत," माझा नवरा एल्झी म्हणाला. "पंख असतील त्यानं चढावं."

ऑर्फाच्या गोठ्यामागून डंपरांसाठी एक कच्ची वाट मात्र वर काढली होती. ती सायझमोर घराण्याच्या कबरींना वळसा घालून थेट महामार्गाला भिडायची. काम संपलं की ती उखडून गवत पेरणार होते. ऑर्फा रोज सकाळी त्या वाटेकडे बघायची आणि दिवसभर काही ना काही घासत राहायची.

मार्चमध्ये सरकारी रस्तेखात्याचे प्रुइट साहेब कागद घेऊन आले. मी तिथेच मक्याचा पाव कापत होते. कबरी महामार्गाच्या फार जवळ येतात, म्हणून त्या खाली गावाजवळच्या सपाट दफनभूमीत हलवायच्या होत्या. आदल्याच आठवड्यात ऑर्फा मला म्हणाली होती, "हलवू देत. माझे गुडघे आता चढत नाहीत." तिने तिथली जागासुद्धा पाहून ठेवली होती, मेपलच्या झाडाखाली.

"ही डंपरची वाट तेवढी ठेवाल का?" तिने विचारलं. "माझ्या माणसाला श्वास पुरत नाही."

"एका घरासाठी महामार्गावर चढायची वाट ठेवता येत नाही, बाई. माझ्या हातात असतं तर ठेवली असती."

"आणि कबरी हलवायच्या नाहीत म्हटलं तर?"

प्रुइट साहेबांनी चष्मा पुसला. "मग वाट ठेवावीच लागेल. घराण्याला आपल्या मेलेल्यांपर्यंत जाता आलं पाहिजे. महामार्गाच्या टोकाला फाटक बसेल, किल्ली तुमच्याकडे. पण फाटक एकदा जरी उघडं सापडलं, तर वाट बंद."

घेवड्याच्या पातेल्यातला तिचा डाव थांबला. मग तिने हात पुसले आणि उजवा हात फळीवरच्या बायबलवर ठेवला.

"माझी लेक आहे वर. अकरा दिवसांची होती. तिला उकरू देणार नाही मी."

साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "ऑर्फा, बायबलवर हात ठेवून?"

"खोटं काय बोलले? लेक तिथे नाही?"

"मेपलच्या झाडाचं काय झालं?"

"तू पाव काप," ती म्हणाली.

मी रोज रात्री वहीत दिवसभराचं लिहिते; त्या दिवशी फक्त हवामान लिहिलं.

मे महिन्यात सगळं घराणं वर जमलं. कबरींवरचं तण काढलं, मेणात बुडवलेली कागदी फुलं वाहिली आणि तिथेच जेवलो. महामार्ग नुकताच सुरू झाला होता; शेजारून ट्रक असे जायचे की वडीलधाऱ्यांना प्रार्थना ओरडून म्हणावी लागली. कबरी इथेच ठेवल्या म्हणून लोक ऑर्फाकडे रागाने बघत होते. ती केकच्या ताटल्या वाटत फिरत राहिली.

जुलैच्या नऊ तारखेला, दुपारच्या जेवणाआधी, बर्लभावजींचे ओठ निळे पडले. एल्झीने पिकअप काढली. मागे गादीवर मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ऑर्फा पुढे. फाटकाशी तिने गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं, गाडी पलीकडे गेली आणि एल्झी थांबला.

"बस लवकर!"

"फाटक लावायचंय!"

"मरू दे ते फाटक!"

"आणि पुढच्या वेळी? जा म्हणते ना!" तिने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, घोड्याला मारावी तशी.

आम्ही तिला तिथेच सोडून गेलो. एकही वळण नसलेल्या त्या रस्त्यावर मी एकशे एकविसावं स्तोत्र म्हणत होते, आणि मधेच माझ्या तोंडून नुसतं "लवकर, लवकर" येत होतं.

डॉक्टर म्हणाले, आणखी पाव तास झाला असता तर काही करता आलं नसतं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ऊन अजून टेकडीवर होतं. ऑर्फा आतल्या बाजूला लेकीच्या दगडाशी उकिडवी बसून नखांनी तण उपटत होती. दगडाभोवतीची माती हातभर उघडी झाली होती. तिथे तण कधीच संपलं होतं, आता ती गवत उपटत होती.

गाडीचा आवाज ऐकून ती उठली नाही. "आहे?" एवढंच विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "पाणी मागितलं. मग म्हणाले, इथलं पाणी पाण्यासारखं लागत नाही."

तिने गवताची आणखी एक मूठ उपटली.

"घरी का नाही गेलीस? सात तास झाले."

"हिला सांगत होते," ती दगडाकडे बघत म्हणाली. "तुला इथे का ठेवलंय ते. सांगायला नको का?"

"काय म्हणाली?"

"ट्रक जात होते. ऐकू नाही आलं."

मग ती उठली, फाटक उघडून गाडी आत घेतली, कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं, गाडीत बसली आणि पुन्हा उतरून तिसऱ्यांदा ओढून आली.