अकरा पोरं आणि दाराकडचा

फळा पुसायचे बोळे आमच्या वर्गात दोन होते. एक फळ्यासाठी. दुसरा माझ्या तोंडासाठी.

थट्टा नाही. शाळेची पद्धतच तशी होती. हेडमास्तर प्रश्न विचारत, रांगेनं एकेकाला उभं करत. ज्याचं उत्तर बरोबर येईल त्यानं चुकलेल्या प्रत्येकाचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. अकरा पोरं. चढाओढ लागायची, अभ्यास व्हायचा. पण बारावा मी. महाराचा. माझं नाक धरणार कोण? धरील त्याला घरी जाऊन आंघोळ. मग हेडमास्तरांनी तोड काढली. हातभर काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधला आणि तो दाराच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. माझं चुकलं की त्या बोळ्याचा तोंडावर एक फटका. वकिलांचा बाळ तो आधी खडूच्या भुकटीत घोळवून घ्यायचा. पोरं हसायची. मीही हसायचो, कारण न हसलो तर दुसरा बसायचा. घरी गेलो की आत्या म्हणायची, "आज बी गोरा होऊन आलास व्हय?" बारामतीच्या महारवाड्यात माझ्याइतकं गोरं तोंड कुणाचंच नव्हतं.

माझी जागा दाराशी, गोणपाटाच्या तुकड्यावर. हजेरीत नाव होतं, पण हाक 'दाराकडचा' अशीच. गावातले लोक आमच्या वर्गाला अकरा पोरांचा वर्ग म्हणत. सरकारी ग्रँटच्या कागदावर मात्र आम्ही बारा होतो. महारवाड्यातलं एक तरी पोर भिंतीच्या आत बसलेलं दाखवल्याशिवाय ग्रँट सुटत नव्हती. म्हणजे शाळा उभी होती ती थोडीफार माझ्या गोणपाटावरसुद्धा. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर जरा ऐसपैस बसलो असतो.

या शाळेत मी आलो तो बापाच्या आणि चुलत्याच्या वादातून. आमचं गाव कळंब. शेजारच्या माळावर तेव्हा साखरेचा कारखाना उभा राहत होता आणि चुलता तिथं विटा वाहायचा. त्याचं म्हणणं, पोराला इंदापूरच्या मोठ्या मराठी शाळेत घाला, सातवी होऊ द्या, मग कारखान्यावर चिकटवू. बापाच्या डोक्यात इंग्रजी भरलं होतं. बारामतीला बहिणीकडं ठेवायचं आणि त्या नव्या लहान शाळेत घालायचं. दोघं भाऊ बाजेवर बसून आठ दिवस या दोन शाळा तोलत होते, आणि दोघांपैकी एकानंही कुठली शाळा आतून पाहिलेली नव्हती.

"थोडी पोरं असली की मास्तरची नदर पडती," बाप म्हणाला.

"तेच सांगतोय म्या. थोड्यात नदर पडती. गर्दीत घाल त्याला. गर्दीत आपला माणूस दिसत न्हाय."

बापाला ते भित्र्याचं बोलणं वाटलं. मलाही वाटलं. मी मधी तोंड घातलं आणि म्हणालो, माझ्यावर नदर पडलेली मला चालंल. आयुष्यातल्या मोठ्या चुका मी अशाच केल्यात, कुणी विचारलेलं नसताना.

पण खोटं कशाला सांगू? शाळा कडक होती आणि चांगली होती. हेडमास्तर एकेक प्रमेय तीन-तीन दिवस घोळवायचे. पाठ म्हणून दाखवलं की चिडायचे. का, ते सांग, म्हणायचे. माझी वही ते हातात घेत नसत. मी ती जमिनीवर उघडून ठेवायची आणि मागं सरायचं. मग ते कंबरेत वाकून वाचायचे आणि तोंडानं चुका सांगायचे. एक चूक सोडायचे नाहीत. इंदापूरला साठ पोरांत माझी वही कुणी उघडलीही नसती. इथं वाचली जात होती. लांबून, वाकून, पण शेवटच्या ओळीपर्यंत. याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. त्या माणसाला नुसत्या शिव्या देता आल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

आता माझा मूर्खपणा सांगतो.

भूमितीचा तास होता. हेडमास्तरांनी फळ्यावर चारी बाजू सारख्या असलेला चौकोन काढला, त्याचे दोन कर्ण काढले आणि विचारलं, हे कर्ण एकमेकांना काटकोनातच का छेदतात? पहिला उठला. पुस्तकात तसं आहे म्हणाला. दुसरा गप्प. तिसऱ्यानं वर्तुळाच्या त्रिज्येचं नाव घेतलं, ज्याचा काही संबंध नव्हता. अकराही जण झाले. माझी पाळी शेवटी, आणि तोवर कुणाचं तरी बरोबर येऊन जायचं. त्या दिवशी कुणाचंच आलं नव्हतं. मी म्हणालो, आत चार त्रिकोण झालेत आणि चारी सारखे आहेत. मग मधले चार कोनही सारखे. चार मिळून पुरा फेरा होतो, म्हणजे एकेक काटकोन.

"शाबास," हेडमास्तर म्हणाले.

हा शब्द त्यांनी मला उद्देशून कधी उच्चारलेला नव्हता. माझं डोकं फिरलं. ज्याचं उत्तर बरोबर त्यानं उठायचं, हे वर्षभर बघत होतो. उठलो. रांगेच्या टोकाला गेलो. पहिल्यानं तर सवयीनं आपणहून नाक पुढं केलं. मी धरलं आणि दिली. दुसरं नाक. तिसरं. चौथं बाळचं. पहिल्या तिघांना हात बेतानं मारला होता. बाळला जरा जास्त लागली असेल, मी नाकबूल करत नाही. पाचव्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, आणि किंकाळी फोडली. तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं की नाक कुणी धरलं. माझ्याही तेव्हाच आलं. हेडमास्तर हातात खडू घेऊन उभेच होते. चौघं विहिरीकडं पळाले. अंगरख्यासकट ओतून घेत होते, असा आवाज येत होता.

बापाला निरोप गेला. तो कळंबहून चालत आला, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. शाळेच्या ओट्यावर वकील आणि आणखी दोघं पालक खुर्च्या टाकून बसले होते. बाप अंगणात उभा राहिला. जोहार मायबाप, म्हणाला. पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. किती वेळ उन्हात उभा होता ते मी मोजलं नाही. मग वकील म्हणाले, "पोरानं चार नाकं धरली. तू चारदा नाक घास."

बाप वाकला. एकदा. दोनदा. मी बघत होतो. तिसऱ्यांदा त्याच्या नाकाला खडा लागला. चौथ्यांदा तो उठला तेव्हा नाकावर माती आणि मातीत रक्त. मला ज्याचं हसू करता येत नाही असं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे. हे त्यातलं एक.

पालक गेले. हेडमास्तर पायरीवर आले. ते ओरडले नाहीत. थकलेल्या माणसासारखं समजावून सांगायला लागले. सात जणांच्या घरून निरोप आलेत, पोरं पाठवणार नाही म्हणून. मोठी शाळा असती तर सातांची कोण फिकीर करतं? इथं सात गेली की शाळाच उरत नाही. शाळा नाही म्हणजे कुणाचंच शिक्षण नाही, तुझंही नाही. एवढं सांगून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तू शीक. वही मी वाचत जाईन. फक्त वर्गात उत्तर द्यायचं नाही. येत असलं तरी नाही."

मी बापाकडं बघितलं.

"व्हय जी," बाप म्हणाला.

परत जाताना कालव्याच्या कडेला तो थांबला. तोंड धुतलं. म्हणाला, "गप बसून बी शिकता येतं." मी मान हलवली. हलवली, हे लिहिलं पाहिजे. नाही म्हणालो असतो असं सांगायला मला आवडलं असतं.

पण गप बसण्यातली गोम मला दुसऱ्या दिवशी कळली. शाळेच्या हिशेबी गप बसलेला तो चुकलेलाच. त्यामुळं आता प्रत्येक प्रश्नाला बोळा, आणि काठी कायमची बाळच्या हाती. ज्याचं येत नव्हतं त्यालाही माझ्यापेक्षा कमी मार बसे. आधी चुकलं की मिळायचा, आता बरोबर असलं तरी मिळायला लागला. सुरुवातीला मी यातही मजा शोधली. मनात उत्तर जुळवायचं, खऱ्या उत्तराशी ताडून बघायचं, आणि मग मनातल्या मनात अकराही जणांची नाकं धरत सुटायचं. बाळचं दोनदा. बाहेर तोंडावर खडू, आत मी राजा. असे महिने गेले. पावसाळा गेला, हिवाळा गेला. आत्या मला गोरा म्हणायची थांबली. नुसतं पाणी पुढं करायची.

मग एक सकाळ. हेडमास्तरांनी दोन समांतर रेषा काढल्या, तिसरी तिरपी काढली आणि विचारलं, हे दोन कोन सारखे का? सोपं होतं. आधीच्या वर्षी मी ते झोपेतही सांगितलं असतं. नेहमीप्रमाणं उत्तर दाबून ठेवायला म्हणून मी आत गेलो, आणि आत उत्तर नव्हतं.

विसरलो असतो तर वेगळं. विसरलेलं माणूस आठवून तरी बघतो. मी शोधलंच नव्हतं. किती दिवस शोधत नव्हतो, कुणास ठाऊक. काठी येण्याआधीच माझे डोळे मिटले होते आणि तोंड आपोआप पुढं झालं होतं. फटका बसला. बाळ म्हणाला, बघा, कसं शहाण्यासारखं धरतो. पोरं हसली. मी हसलो नाही. वर्षभर मला वाटत होतं की मी उत्तर लपवतोय. लपवता लपवता ते कधी मेलं ते कळलंसुद्धा नाही.

शाळेनं मला आत घेतलं होतं, वही वाचली होती, का ते विचारायला शिकवलं होतं. आणि तीच शाळा माझ्या डोक्यातला 'का' आतून मारत होती. फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या हातून, एकाच खोलीत. आमच्या बाजेवर हे कुणी तोललं नव्हतं.

त्या आठवड्यात मी भूमितीचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचून काढलं. सोमवारी हेडमास्तरांनी पुन्हा त्याच रेषा काढल्या. पोरं चुकत गेली. माझ्यापाशी आले तसा बाळनं विचारायच्या आधीच काठी उचलली. मी उभा राहिलो आणि उत्तर दिलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, का ते सांगून. आवाज फाटत होता. शूर दिसत होतो असं कुणी म्हणणार नाही.

"खाली बस," हेडमास्तर म्हणाले.

"बरोबर हाय का चूक, तेवढं सांगा."

त्यांनी फळ्याकडं बघितलं. वहीतली एक चूक न सोडणारा माणूस. बरोबर म्हणता येईना, चूकही म्हणवेना. बाळ काठी धरून त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"खाली बस म्हटलं ना."

तास संपेपर्यंत मी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी अकरांतले पाच आले. तिसऱ्या दिवशी चार. मग बापाला पुन्हा बोलावणं गेलं. मी अंगणात पोचलो तेव्हा तो आधीच येऊन उभा होता, माझ्याकडं न बघता. हेडमास्तरांनी पायरीवर एक कागद ठेवला. दाखल्यासाठी अर्ज. माझ्याच नावानं, मीच शाळा सोडतोय असा. शाळेनं आपणहून मला काढलं तर ग्रँट देणाऱ्यांकडून विचारणा होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खाली बापाचा अंगठा उठलेला. शाई अजून ओली होती.

"सही कर. दुसऱ्या शाळेला मी चांगलं लिहून देईन. हुशार आहेस, असं लिहीन."

"कर बाबा," बाप म्हणाला. "आपल्याला ऱ्हायचंय हितं."

टाक माझ्या पुढ्यात होता. मी तो उचलला नाही.

"मी दाखला मागणार न्हाय," मी म्हणालो. "तुमीच काढा. दाखल्यात शाळा सोडायचं कारण म्हणून रकाना असतो. त्यात लिवा, उत्तर बरोबर दिलं."

हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मी नीट बघितलं. "शाळा बंद पडेल रे पोरा," ते म्हणाले. पोरा, हेही पहिल्यांदाच.

"पडू द्या."

बाप पागोटं उचलून निघाला. कळंबपर्यंतची वाट त्यानं एकट्यानं धरली आणि पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मातीत नाक त्याचं गेलं होतं, माझं नाही. मी मॅट्रिक होईन की चुलत्याबरोबर विटा वाहीन, ते मला माहीत नव्हतं. शाळा महिनाभर तरी चालेल का, तेही नाही. त्यांच्या शाळेचं त्यांनी बघावं. माझ्या गप्प बसण्यावर जी तगते ती शाळा मी जगवणार नव्हतो.

सकाळी घंटा झाली. मी गेलो. वर्गात चारच पोरं होती. हेडमास्तरांनी फळ्यावर आकृती काढली, प्रश्न विचारला आणि माझ्याकडं न बघता रांगेनं नावं घ्यायला लागले. माझी पाळी येईपर्यंत मी थांबलो नाही; उभा राहिलो आणि का ते सांगायला लागलो.