निवडुंग वाटणारा तात्या

चहाचा कप आधी खाली ठेवा, न्हाय तर हसताना धोतरावर सांडंल. माझी अक्कल एकदा कुठं चरायला गेली हुती, ते आज सांगूनच टाकतो.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्सं झालेली. सणसरला पाटाच्या पलीकडं आमचं रान, आन् रानातच घर. कांदा, वांगी, मिरची करायचो. पर शेळ्या! गावात कुणाचीबी शेळी सुटली, की जेवायला माझ्याच वांग्यात! पूर्वी बांधाबांधावर फड्या निवडुंग हुता म्हणं, तो किडीनं बसला. मग मी फलटणकडल्या बहिणीकडनं तीन फडे आणले आन् बांधावर रोवले. पाणी न्हाय, खत न्हाय, तरी गडी मरायचं नाव घेईना! चार वर्सांत शेळ्यांनी माझं रान सोडलं.

आन् मला वाटायचं याड लागलं. ताक मागायला आलेली बाई ताकासंगं चार फडे घिऊन जायची. लग्नात लोक टोपी-टावेलाचा आहेर करायचे, मी पोतंभर निवडुंग न्यायचो. आवो, लोक मला लांबनं बघून वाट बदलायला लागले! मला वाटायचं, मान देत्यात.

देताना सगळ्यांना एकच बजावायचो, "मधी फट ठिवू नका!"

एका पावसाळ्यात शेजारच्या गेनबाच्या कुंपणात चांगली गाडी जाईल एवढी फट दिसली. माझी तळपायाची आग मस्तकात!

"गेनबा, ही फट कशापायी?"

"तात्या, ती म्या मुद्दाम..."

"गप! कुंपणातलं मला शिकवतूस व्हय?"

"न्हाय, पर ऐकून तरी घ्या..."

ऐकतोय कोण? मी स्वता मोठमोठ्या फांद्या आणून तितं दुहेरी ओळ रोवली. गेनबा बांधावर बसून तंबाखू मळत बघत राह्यला.

पुढं माघात आमच्या थोरल्या लेकीला, सुमनला, बघायला डाळजचे पाहुणे यायचे ठरले. घर चांगलं, पोरगा चांगला. आधीची दोन स्थळं हातची गेलेली, म्हणून आमच्या कारभारणीच्या घशाखाली घास उतरत न्हवता.

पाहुणे आले बैलगाडीनं. आले आन् कुंपणाबाहीरच थांबले. गाडीवान ओरडला, "आवो, आत यायचं कुठनं?"

मी पळत गेलो. बघतो तर समोर छातीएवढा निवडुंग! गेनबानं ती फट माझ्याच गाडीवाटंसाठी ठिवली हुती! आमी रोज भाजीच्या पाट्या डोक्यावर घिऊन पाटावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावरनं जायचो. गाडी लागायची उन्हाळ्यात एकदा, खताला. माझ्याच घराची वाट मी माझ्या हातानं बुजवली, आन् मला पत्ता न्हाय!

"तात्या, त्येच सांगत हुतो," गेनबा बांधावरनं म्हणला.

गाडीत नवऱ्यामुलाचा बाप आन् आत्या. आत्याबाई अंगानं भरलेल्या. मी ओंडका दाखवला तशा कडाडल्या, "त्यावरनं यायला मी काय माकड हाय? पोरगी द्यायची नसंल तर सरळ सांगा की! काटे कशाला लावताय?"

"गाडी वळव रं," नवऱ्यामुलाच्या बापानं फर्मान सोडलं.

कारभारीण रडकुंडीला आली. "आवो, आता तरी काय तरी करा!"

मी कोयता घेतला आन् सुटलो. तोड फांदी, फेक मागं! तोड फांदी, फेक मागं! माणूस जाईल एवढी वाट झाली. मी हात जोडले, "या, या, आपलंच घर हाय!" म्हणत अदबीनं दोन पावलं मागं सरलो, आन् माझ्याच ढिगावर उताणा!

जी बोंब ठोकली, ती पार पणदऱ्याच्या वेशीपातूर गेली असंल.

मग कसलं पोहे आन् कसलं पाटावर बसणं! मी घोंगडीवर पालथा, आन् सुमन चिमटा घिऊन पाठीतलं एकेक कुसळ काढतीय. पाहुणे भोवतीनं बसून गेनबाकडनं माझ्या निवडुंगाच्या आहेराची कथा ऐकत्यात. (जिथलं सांगता येत न्हाय, तिथलं कारभारणीनं मागाहून काढलं.)

"आयाई गं!"

"हलू नका, तात्या. लावताना कुणाचं ऐकलं न्हाईत, आता माझं ऐका."

झालं, म्हणलं, पोरीनं तोंड उघडलं, गेलं हेबी स्थळ. आत्याबाई सरकत जवळ आल्या. वाकून सुमनच्या हाताकडं बघितलं. मग म्हणल्या, "बोलती खरं, पर हात कसा हलका हाय बघा. आमाला पोरगी पसंत हाय."

खोटं कशाला सांगू, मी घोंगडीत तोंड खुपसून आनंदानं रडलो.

"पर आमची एक अट हाय," आत्याबाई म्हणल्या.

म्हणलं, आता सोनं मागत्यात का बैलजोडी?

"लेकीला भेटायला कवाबी या, आठ दिस ऱ्हावा. पर येताना रिकाम्या हातानं यायचं!"