वेडीच्या हातातले जरबेरा

जुन्या शोकांतिकेत झाडे शोभेसाठी लावलेली नसतात. आमच्या नगरच्या महाविद्यालयाने गेल्या स्नेहसंमेलनात जे विदेशी नाटक निवडले, त्यातला राजा आपल्याच बागेत भावाच्या विषप्रयोगाने मरतो, तो भाऊ राजा होतो आणि तिथपासून राज्यात तण माजते. पुढे बापाच्या खुनाने वेडी झालेली एका दरबाऱ्याची मुलगी दरबारात येऊन प्रत्येकाच्या हातात एकेक वनस्पती ठेवते. ज्याला जे मिळते, ते त्याचे आरोपपत्र. मी हे वर्गात पुरेशा सावकाशीने समजावून सांगितले होते. मुलांना ते समजले. आमच्या विभागप्रमुखांना समजले नाही, आणि दिग्दर्शन त्यांच्याकडे होते.

वेडीची भूमिका मिरजगावच्या एका मुलीने मागून घेतली होती. त्यासाठी तिने राणीची मोठी भूमिका सोडली. “तेवढा एक प्रवेश मला द्या,” एवढेच तिचे म्हणणे. रंगीत तालमीला तिने पिशवीतून धोतऱ्याचे बोंड काढले, राजासाठी. राणीसाठी कडुनिंबाचा डहाळा. दरबाऱ्यांसाठी मूठभर गाजरगवत.

“बांधावरचं हाय सगळं, मॅडम.”

विभागप्रमुखांनी नाकाला रुमाल लावला. “अंगाला खाज सुटेल. पाहुण्यांच्या हातात कचरा द्यायचा का?”

“पाहुण्यांच्या न्हाई सर, दरबाऱ्यांच्या.”

“ऐक. सत्कार वेगळा ठेवला तर वेळ जातो. तू फुलं वाटतेसच, तर खाली उतरून पाहुण्यांनाही गुच्छ दे. दोन कामं एका दमात. जरबेरा आपल्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्याच पॉलीहाऊसमधून येणार आहेत.”

या प्रवेशात ज्याला फूल मिळते तो दोषी ठरतो, हे मी त्यांच्या कानावर घातले. ते समजुतीने हसले. “मॅडम, एवढं कोण बघतंय?”

एवढे कोणी बघत नाही, हे मात्र त्यांना अचूक ठाऊक होते.

प्रयोगात ती केस मोकळे सोडून आली. पहिल्या दोन ओळींतच सभागृह शांत झाले. लगेच निवेदकाने माईक हाती घेऊन मान्यवरांना उभे राहण्याची विनंती केली. मान्यवरांनी जाकिटे सारखी केली. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, इकडं बघा. जरा हसा.” बापाच्या खुनाने वेडी झालेली मुलगी हसली. अध्यक्षांनी आपल्याच पॉलीहाऊसमधली फुले कृतज्ञतेने स्वीकारली. टाळ्या झाल्या. सिंहासनावरचा खुनी राजाही टाळ्या वाजवत होता. सत्कार दिसला की वाजवायच्या, ही आमच्याकडची सवय हाडात मुरलेली.

ती रंगमंचावर परतली, धोतरा उचलून राजासमोर उभी राहिली आणि तिने तोंड उघडले. विंगेतून विभागप्रमुखांनी घड्याळाकडे बोट दाखवले. पडदा पडला. राजा, राणी, दरबारी, सगळे आरोपावाचून सुटले.

पुढच्या प्रवेशात ती मुलगी बुडून मेल्याची बातमी येते. माझ्या शेजारी बसलेले साहित्याचे प्राध्यापक माझ्याकडे झुकले.

“कोण हो, ती सत्कारवाली?”

“हो.”

“अरेरे. कशानं?”

मी सांगू लागले, तोवर ते मोबाईलवर आलेला गुच्छाचा फोटो मोठा करून पाहत होते.