मिक्सरचा प्लग

ओल्या नारळाचा वास आला की मला दहिसरच्या घरातला इंटरनेटचा डबा आठवतो. त्याची वायर गच्चीवरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायची आणि तिथे प्लग लावायची जागा एकच. "आई, हिरवे दिवे दिसले की नेट चालू. बंद केलंस तर परत यायला पाच मिनिटं लागतात," असं लेकाने शिकवलेलं, आणि मी बाई मोठी हुशार, सगळं ध्यानात ठेवलं. त्या दुपारी सुनेची लॅपटॉपवर नोकरीची मुलाखत होती. खोलीचं दार लावताना ती म्हणाली, "आई, तासभर आवाज नको हां." माझ्याच घरात मला गप्प बसवतेस काय, म्हणून मी डब्याचा प्लग काढला, मिक्सर लावला आणि सावकाश ओल्या नारळाचं वाटण केलं. ती धावत बाहेर आली. "आई, नेट गेलं." "गेलं असेल गं केबलवाल्याचं," मी म्हटलं. तिने मिक्सरच्या वायरकडे पाहिलं, ती उपटली आणि डब्याचा प्लग परत लावला. दिवे पुन्हा हिरवे झाले तोवर मुलाखत आटोपली होती, नोकरी हातची गेली, आणि मी राणीसाहेब जिंकल्याच्या थाटात आमटी ढवळत होते. वर्षभरात ती दोघं मुलुंडला राहायला गेली. आता मी व्हिडिओ कॉल लावते, तो ती उचलत नाही. मागाहून मेसेज येतो, "आई, नेट गेलं होतं." आणि मला ते मानावंच लागतं.